मदत हवी आहे: जिममधल्या एका नियमित ताईंची ओळख लिहायची आहे. काय विचारू, कधी विचारू?

कोरीपाटी
आमच्या जिमच्या फलकावर दर महिन्याला एका सभासदाची ओळख लावतात. साधारण ३०० शब्द आणि एक फोटो. यंदा ते काम माझ्याकडे आलंय. ज्या ताईंबद्दल लिहायचंय त्या सहसा एकही दिवस चुकवत नाहीत, पण बोलतात अगदी मोजकं. व्यायामाची वही मात्र त्यांनी आनंदाने बघायला दिली. त्यातल्या दोन ओळी अशा:
स्क्वाट ८० × ५ × ३ @८
बेंच ४५ × ५, ५, ४+१
मी मशीनवरच व्यायाम करते, बारबेलचं मला काही कळत नाही. त्यांच्याशी बोलायचं कधी, विचारायचं काय आणि हे वाचायचं कसं? ‘जिद्द आणि चिकाटी’ छाप मजकूर नकोय. त्यांनी केलेलं काम दिसायला हवं.

रॅकतीन
आधी वेळेचं. जड सेटच्या, म्हणजे न थांबता वजन उचलण्याच्या फेऱ्यांच्या, मधे ३ ते ५ मिनिटं बसलेलं माणूस रिकामं दिसतं, पण ते रिकामं नसतं. श्वास खाली येत असतो, पुढचा सेट डोक्यात चालू असतो. बेल्ट आवळलेला असेल, हाताला चॉक (पकड सुटू नये म्हणून लावायची पांढरी पूड) असेल किंवा कानात हेडफोन असतील, तर तिकडे फिरकूही नका. शेवटचा जड सेट संपला की त्या प्लेट काढून जागेवर लावायला लागतील. तेव्हा जा आणि दुसऱ्या बाजूच्या प्लेट तुम्ही काढा. एकाच बाजूच्या सगळ्या काढू नका, रॅकवरचा (बार टेकवायच्या स्टँडवरचा) बार दुसऱ्या बाजूला कलंडतो. एकेक करत दोन्हीकडून आळीपाळीने काढायच्या. हे करता करताच “२० मिनिटं कधी मिळतील?” एवढं विचारायचं. मुलाखत तिथेच सुरू करू नका.

वहीतलंगणित
वहीकडे येऊ. पहिली ओळ स्क्वाटची, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठण्याची. त्यात ८० किलो, ५ रेप्स (एका सेटमध्ये किती वेळा), ३ सेट असं असावं, पण गृहीत धरू नका. काही जण आधी सेट लिहितात, मग रेप्स. ५ × ३ आणि ३ × ५ दोन्हींत एकूण १५ रेप्सच होतात, पण तीनचा सेट आणि पाचचा सेट यांत फार फरक आहे. दुसरी शंका बारची. ८० मध्ये बार धरलाय का? मोठा ऑलिंपिक बार २० किलोचा, महिलांचा १५ चा. २० चा बार असेल तर दोन्ही बाजूंना ३०-३० बसतात. काही जिममधले बार याहून हलके असतात, तेव्हा बार एकदा काट्यावर ठेवून बघा.
@८ म्हणजे दहापैकी आठ इतका जोर, अजून साधारण २ रेप्स निघाल्या असत्या. @१० म्हणजे काहीच शिल्लक नाही.
आणखी एक. ८० × ५ वरून ‘एकदाच किती उचलता येईल’ याचा अंदाज काढतात: वजन × (१ + रेप्स ÷ ३०), म्हणजे सुमारे ९३ किलो. हा आकडा फलकावर ‘९३ किलो उचललं’ म्हणून कृपा करून छापू नका. उचललेलं वेगळं, हिशोबातलं वेगळं.
आता सगळ्यात बोलकी ओळ बेंचची, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलण्याची. तिसऱ्या सेटला चार स्वतःच्या आणि +१ बहुधा सपोर्टवर, म्हणजे मागे उभ्या असलेल्याने हात लावून. हे त्यांनी वेगळं लिहिलंय, पाच म्हणून खपवलं नाही. तुमचा लेख मला तरी याच ओळीत दिसतो.
अशाच ओळींवर बोट ठेवून विचारा: “या वजनावर किती आठवडे अडकला होता? पुढे काय बदललं?” वजन मधेच उतरलेलं दिसलं तर दुखापत समजू नका, ठरवून घेतलेला हलका आठवडाही असतो. आणि पहिल्या दिवशी बारवर किती होतं, हे जरूर विचारा.

कोरीपाटी
+१ चं बरोबर निघालं, मनापासून आभार! बार धरूनच ८० आहे. पण आता ताई म्हणाल्या, “बेंचला सपोर्ट द्याल का?” हो म्हणू?

रॅकतीन
४५ किलोचा बार थोडा वेळ तोलता येत असेल तरच हो म्हणा. नसेल तर सरळ सांगा, त्यांना राग येणार नाही. हो म्हटलंत तर आधी तीन गोष्टी विचारा: किती रेप्स, बार रॅकवरून काढून द्यायचा का, आणि हात कधी लावायचा. डोक्यामागे बाकाला लागून उभ्या राहा, पाय फाकवून. हात बारच्या खाली, दोन-तीन इंचांवर, बारला न लावता. घ्यायची वेळ आली तर एक तळवा वर, एक खाली अशी पकड करा, बार निसटत नाही.
नवखी माणसं घाईने बोटं लावतात, चूक तिथेच होते. बार हळू चढतोय तोवर तो त्यांचा आहे. थांबला आणि खाली येऊ लागला, किंवा त्यांनी “घ्या” म्हटलं, की लगेच उचला आणि रॅकच्या दोन्ही हुकांत बसेपर्यंत सोडू नका. लवकर हात लावलात तर ती रेप वहीत +१ होते, त्यांची स्वतःची राहत नाही.

आरशासमोर
फोटोबद्दल कुणी बोललं नाही. जड सेटला फोटो नको, वॉर्मअपला घ्या, फ्लॅश बंद ठेवून. स्क्वाट असेल तर बाजूने आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर, नाहीतर किती खाली बसल्यात ते चुकीचं दिसतं. आरशात दुसरं कुणी येत नाही ना ते बघा. वय, शरीराचं वजन, आजारपण हे त्यांनी आपणहून सांगितलं तरी छापण्याआधी पुन्हा विचारा, आणि कच्चा मजकूर त्यांना वाचायला द्या. चेहरा नको म्हणाल्या तर उघडा तळहात घ्या: बोटांच्या मुळाशी ओळीने आलेले घट्टे आणि रेषांत अडकलेला चॉक.

कोरीपाटी
तळहाताला ताई लगेच तयार झाल्या. शेजारी वहीचं ते पान उघडं ठेवणार आहोत, ४+१ दिसेल असं.