खांदा बसवला, पण हात वर जात नाही. नस दुखावली असेल का?

प्रश्न :
धाकटा भाऊ, वय २२. कबड्डीत पकड करताना उजवा खांदा निखळला. त्याच दिवशी बसवून घेतला, एक्स-रेत हाड शाबूत आहे. आता तीन आठवडे झाले, दुखणं कमी आहे, पण हात बाजूने उचलता येत नाही. दंडाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे. लकवा मारला म्हणून आई रडतेय. काय समजायचं?

उत्तर (मी फिजिओथेरपिस्ट आहे) :
ताई, आईंना आधी सांगा, हा लकवा नव्हे. मेंदूचा इथे संबंधच नाही. मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या नसेची मुळं गळपट्टीच्या हाडामागे एकमेकांत गुंततात, त्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्यातून निघालेली अ‍ॅक्सिलरी नस काखेतून मागे वळते आणि दंडाच्या हाडाच्या मानेला (वरच्या गोल डोक्याखालच्या निमुळत्या भागाला) वळसा घालून डेल्टॉइडमध्ये, म्हणजे हात बाजूने उचलणाऱ्या खांद्यावरच्या स्नायूत शिरते. खांदा पुढे निखळला की सर्वांत आधी ताण बसतो तो तिला. तुम्ही सांगितलेला बधिर भागही तिचाच.

बाकीच्या नसा घरीच बघा. कोपर वाकतं का (मस्क्युलोक्युटेनियस), मनगट वर उचलतं का (रेडियल), अंगठा करंगळीला टेकतो का (मीडियन), बोटं फाकतात का (अल्नर). मग कोपर अंगालगत ठेवून भिंतीला हलकेच बाहेर दाबायला सांगा आणि तुमची बोटं त्याच्या डेल्टॉइडवर ठेवा.

प्रश्नकर्ती :
ते चारही जमतं. डेल्टॉइडवर अगदी बारीक थरथर लागली.

दुसरे उत्तर :
माझ्या वडिलांचंही, वय ६१, असंच झालं होतं. नस ठीक निघाली, रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे कंडरे) फाटला होता. एमआरआय करून घ्या.

फिजिओथेरपिस्ट :
बरोबर आहे, चाळिशीनंतर कफचा संशय आधी घ्यायचा. विशीतल्या मुलातही ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तो तपासायला हवाच, पण बधिरपणा कफमुळे येत नाही.

थरथर लागली हे फार चांगलं लक्षण आहे, म्हणजे नसेचे काही तंतू जोडलेले आहेत. तीन आठवडे झालेत, आता ईएमजीतून (स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीतून) नीट कळेल. तुटलेले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे महिने लागतात. बहुतेकांचा हात सुधारतो. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवा, उशीर करू नका. तोवर सांधा आखडू द्यायचा नाही. तेल लावून खांदा ओढून घेणं पूर्ण बंद. आणि त्या बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजली तरी त्याला कळणार नाही.