जुन्या चिनी प्लेटची केमिकल टेस्ट, खरंच काही कळतं का? नागपुरात कुठे होईल?

संत्रानगरी_धरमपेठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सासऱ्यांच्या आजोबांची एक मोठी निळी-पांढरी प्लेट आहे, ते बीएनआरमध्ये म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वेत होते आणि कलकत्त्याहून आणली असं घरात सांगतात. मागे सहा चिनी अक्षरं आहेत. एका ओळखीच्याने फोटो बघून सांगितलं की हा मिंग राजवटीतल्या शुआनदे बादशहाचा शिक्का, १४२६ ते १४३५. तेव्हापासून एक दलाल मागे लागलाय, म्हणतो केमिकल सर्टिफिकेट आलं की भाव बोलू, सर्टिफिकेट तोच काढून आणणार, पैसे मात्र आमचे. आमच्या ह्यांनी उत्साहात प्लेट इतवारीत नेली, सराफाकडे टंच काढायची एक्सआरएफ मशीन असते ना, तिच्यावर ठेवली, तर लोखंड, तांबं, थोडं झिंक असं काहीबाही आलं आणि वर "गोल्ड ०.००". सासूबाई अजून हसतायत. तर विचारायचं असं की कोणती टेस्ट खरी, प्लेटला भोक पाडतात का, आणि नागपुरात कोणी करून देईल का?

भट्टीतला_माणूस
ताई, सगळ्यात आधी टंचाच्या मशीनचे आकडे विसरा. तत्त्व तेच आहे, क्ष-किरण मारले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं, पण ती मशीन सोनं-चांदी-तांबं-झिंक यासाठी सेट केलेली, सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम तिच्या हिशेबातच नाही, आणि प्लेटचा बहुतांश भाग तर तोच. जे दिसलं त्याचेच ती बळंच १०० टक्के करते. म्हणून झिंक आलं म्हणून घाबरू नका, नसतं आलं तरी खूश व्हायचं कारण नव्हतं.

निळ्या-पांढऱ्यात खरी गंमत कोबाल्टची आहे, निळा रंग त्याच्यामुळेच येतो. युआन काळात, म्हणजे १४व्या शतकात, चीनमधल्या पोर्सिलेनच्या गावी, जिंगदेझेनला, भट्ट्यांत जो कोबाल्ट वापरायचे तो बाहेरून, पश्चिम आशियाकडून यायचा, त्यात लोखंड भरपूर आणि मँगनीज नावाला. नंतर चीनमधलाच कोबाल्ट आला, त्यात नेमकं उलटं, मँगनीज लोखंडाच्या कितीतरी पट. आणि आजचा कारखान्यात शुद्ध केलेला कोबाल्ट ऑक्साइड घेतला तर त्यात दोन्ही जवळजवळ नसतात. म्हणून नीट काम करणारा माणूस आधी निळ्या रेघेवर रीडिंग घेतो, मग तिच्या शेजारी पांढऱ्यावर, आणि दुसरं पहिल्यातून वजा करतो, कारण ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आणि आतल्या मातीतही लोखंड असतंच. हे न करता कोणी रिपोर्ट दिला तर मी तो रद्दीत टाकीन.

आता तुमची अडचण अशी की शुआनदे हा नेमका बदलाचा काळ आहे, त्यात दोन्ही प्रकारचा कोबाल्ट सापडतो. त्यामुळे मँगनीज जास्त आलं म्हणून प्लेट लगेच खोटी नाही आणि लोखंड जास्त आलं म्हणून खरीही नाही. मँगनीज-लोखंड दोन्ही गायब असले तर मात्र दलालाला चहा पाजून रवाना करा. केमिस्ट्री खोटं पकडायला भारी आहे, खरं सिद्ध करायला फार लंगडी. तुमच्या प्लेटवर हिरवा रंग असता आणि त्यात क्रोमियम निघालं असतं तर तिथेच विषय संपला असता, कारण क्रोमियमचा शोधच १७९७ चा.

टंचवाला_इतवारी
वहिनी, मशीनवाला मीच निघालो तर? आमच्याकडे लोक काय काय घेऊन येतात बावा, मूर्ती काय, दगड काय, एकाने तर उल्का म्हणून भंगार आणलं होतं. मशीन बिचारी सगळ्यालेच काहीतरी आकडा देते, नाही म्हणता येत नाही तिले.

एक धंद्यातली गोष्ट सांगतो. रिपोर्टवर वस्तूचा फोटो नसेल, कोणत्या ठिकाणी किरण मारले ते दाखवलं नसेल, तर तो कागद कोणत्याही प्लेटच्या नावाने चालतो. दलाल जुन्या फुटक्या तुकड्याचा रिपोर्ट आणून तुमच्या प्लेटले जोडून देईल, तुम्ही काय करणार? पैसे तुमचे तर मशीनसमोर तुम्हीच उभे राहा.

जुनी_खापरं
भट्टीवाल्यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो.

एक तर शिक्का. शुआनदेचा शिक्का हा चिनी भांड्यांवर सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या शिक्क्यांपैकी आहे, आणि नक्कल म्हणजे कालपरवाची लबाडी असं नाही, १८व्या शतकात खुद्द जिंगदेझेनलाच जुन्याचा मान म्हणून तसे शिक्के मारायचे. अस्सल शुआनदे भांड्यात निळ्या रेघेमध्ये काळपट ठिपके ग्लेझमध्ये रुतलेले दिसतात, लोखंड जास्त असलेल्या कोबाल्टमुळे. ते १८व्या शतकातल्या कारागिरांना इतके आवडले की ब्रशने मुद्दाम ठिपके देऊन तोच परिणाम आणायचे. भिंगाखाली बघा, ठिपके रेघेतून आपोआप उमटलेत की वरून टेकवलेत. यात मशीन लागत नाही, आणि प्लेट १८व्या शतकातली निघाली तरी काही वाईट नाही हो, उलट कलकत्त्याच्या कहाणीला ते जास्त जुळतं.

भोकाचं म्हणाल तर ती वेगळी टेस्ट, थर्मोल्युमिनेसन्स. ती केमिकल नाहीच. मातीतले क्वार्ट्झचे कण वर्षानुवर्षं नैसर्गिक किरणोत्सर्ग साठवत राहतात, भट्टीत भाजलं की पाटी कोरी होते, म्हणून शेवटचं भाजणं कधी झालं ते मोजता येतं. चीनच्या तांग राजवटीतल्या मातीच्या घोड्यांवर ही टेस्ट पिढ्यान् पिढ्या चाललीये, मऊ माती, ड्रिलने थोडी पावडर काढली की झालं. तिथे ग्लेझच्या केमिस्ट्रीवर भरवसा ठेवता येत नाही, शिशाचं ग्लेझ, तांब्याने हिरवं, लोखंडाने पिवळं, ही रेसिपी आज चीनमधल्या लुओयांगचे नक्कलवालेही वापरतात. पण त्या टेस्टलाही फसवतात. नव्या घोड्याला जुन्या तुकड्यांचं पोट बसवतात आणि पावडर नेमकी तिथूनच काढू देतात, किंवा क्ष-किरण मारून वय वाढवतात. पोर्सिलेनमध्ये माती काचेसारखी झालेली असते, त्यामुळे पावडर नाही, छोटी गाभ्याची कांडी कापावी लागते. कौटुंबिक प्लेटला मी ते करू देणार नाही.

आणि तुलनेला खात्रीचा नमुना लागतो. ब्रिटिश म्युझियममधल्या डेव्हिड फुलदाण्यांवर, म्हणजे युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या जोडीवर, १३५१ साल लिहिलेलंच आहे, म्हणून युआनबद्दल एवढं ठामपणे बोलता येतं. नुसते आकडे हातात घेऊन काय करणार, कशाशी जुळवणार? हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये चिनी पोर्सिलेन आहे, एकदा जाऊन डोळा तयार करून या.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरतात, तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. दलालाला आधी लायसन्स विचारा, पुढचा फोन येतो का पाहू.

संत्रानगरी_धरमपेठ
बापरे, एवढं सगळं! लायसन्स विचारलं, मेसेज वाचलाय पण उत्तर नाही. भोक तर सासूबाई पाडूच देणार नाहीत. आमच्या भाच्याचं म्हणणं की नागपुरात खनिजांच्या एवढ्या लॅब आहेत, जीएसआय म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स इथलंच, त्यांच्याकडे मोठी एक्सआरएफ असणार ना?

भट्टीतला_माणूस
मशीन असेल हो, पण खनिजाच्या लॅबची नेहमीची पद्धत म्हणजे नमुना दळायचा, पावडरची गोळी दाबायची आणि मग मोजायचं. भाच्याला सांगा प्लेट दळून देतो का विचार. तुम्हाला हातात धरायची पोर्टेबल एक्सआरएफ हवी, सिरॅमिकसाठी कॅलिब्रेट केलेली, युनिव्हर्सिटीच्या प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभागात किंवा जिऑलॉजीवाल्यांकडे चौकशी करा, त्यांच्याकडे नसली तर कुणाकडे आहे ते त्यांना माहीत असतं. तीसुद्धा सोडियम पकडत नाही, आणि सिलिकॉन-अॅल्युमिनियम फक्त ग्लेझच्या वरच्या पातळ थरातलं दाखवते, त्यामुळे आतल्या मातीचं वाचायचं असेल तर खालच्या कड्याला, जिथे ग्लेझ नसतं, तिथे रीडिंग घ्यायला सांगा.

तोवर त्या कड्याचा फोटो टाका ना इथे, उन्हात काढा, फ्लॅश नको, बाजूला फुटपट्टी ठेवा. आणि शिक्क्याचा वेगळा.