‘प्रबोधन’ की ‘ज्ञानोदय’? आणि ‘खासगी ग्रंथालय’ चालेल का?

भाषांतरवाली: फ्रेंच विचारवंत दिदरोच्या पुस्तकांवरचा एक लेख मराठीत करतेय. ‘प्रबोधनकाळातल्या विद्वानांची खासगी ग्रंथालये’ असं लिहिलं, तर संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघा मारल्या. प्रबोधन म्हणजे रेनेसान्स, म्हणाले. मला अठरावं शतक, म्हणजे एनलायटनमेंट म्हणायचंय. काय लिहू?

शब्दवेडा: संपादकांचं बरोबर आहे. रेनेसान्सला ‘प्रबोधन’ रुळलंय. एनलायटनमेंटला ‘ज्ञानोदय’ घ्या.

कार्तिकी: रुळलंय म्हणून बरोबर? प्रबोधिनी एकादशीला देव झोपेतून उठतात. बुध् म्हणजे जागं होणं. रेनेसान्स म्हणजे तर पुनर्जन्म! फ्रेंच लोक या काळाला ‘ल्युमिएर’ म्हणतात, म्हणजे प्रकाश, तोही अनेकवचनी. प्रकाश पडला की जाग येते. ‘प्रबोधन’ इथलंच आहे.

शब्दवेडा: धातू काढून वापर बदलत नाही. आज ‘प्रबोधन’ म्हटलं की लोकांना कीर्तन आठवतं.

नगरकर: आणि नगरच्या माणसाला ‘ज्ञानोदय’ म्हटलं की १८४२ साली सुरू झालेलं मिशनचं पत्र. आमची आजी ‘ज्ञानोदय आला का?’ असंच विचारायची. मला तरी त्या शब्दात व्होल्तेरसारखा फ्रेंच लेखक दिसत नाही.

भाषांतरवाली: ग्रंथालयाचं काय? १७६५ मध्ये दिदरोनं मुलीच्या हुंड्यासाठी पुस्तकं विकायला काढली. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीननं ती १५,००० लीव्रना (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतली, त्याच्याकडेच राहू दिली आणि वर्षाला १,००० लीव्र देऊन त्यालाच त्यांचा ग्रंथपाल नेमलं. १७८४ मध्ये तो वारल्यावर पुस्तकं पीटर्सबर्गला गेली. विश्वकोश रचणारा माणूस आपल्याच पुस्तकांचा पगारी राखणदार! याला ‘खासगी’ म्हणू?

शब्दवेडा: ‘ग्रंथसंग्रह’ म्हणा. आलय म्हणजे इमारत.

कार्तिकी: हिमालयाला भिंती आहेत का? आलय म्हणजे राहण्याची जागा. पुस्तकं दिदरोच्या घरीच राहत होती. ग्रंथालयच.

कावेरीकाठ: आमच्या तंजावरच्या ग्रंथालयाचं नाव ‘सरस्वती महाल’. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळात ‘सरस्वती भांडार’ होतं. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (१७९८ ते १८३२) युरोपातून विज्ञानाची, वैद्यकाची पुस्तकं मागवली आणि त्यांवर रोमन लिपीत स्वतः सह्या केल्या. त्या पाहिल्या की कळतं, ती शोभेला नव्हती, वाचायला होती. राजाचीच होती, पण ‘खासगी’ हा शब्द तिथे तोकडा पडतो.

नगरकर: ‘महाल’ की ‘महल’? मराठीत महाल म्हणजे तालुकासुद्धा.

कावेरीकाठ: आम्ही ‘महाल’च म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या.

जुनी बाडे: ‘भांडार’ सुंदर आहे. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं (जुनी हस्तलिखितं) जमवली, त्या संस्थेचं नाव ‘समर्थ वाग्देवता मंदिर’. भांडार, महाल, मंदिर. ‘लायब्ररी’ला एवढे शब्द असताना आपण ‘खासगी ग्रंथालय’वर का अडलोय?

शब्दवेडा: कारण मंदिरात पुस्तकं घरी न्यायला देत नाहीत. बाकी ‘बाड’ कुठून आलं? माझ्या मते ‘बांधणे’वरून.

जुनी बाडे: मुळीच नाही. उद्या सविस्तर लिहितो.