मदत हवी आहे : थ्रिलर सीनमधला कॅमेरा आणि आवाज यांचं विश्लेषण (तातडीचं)

रेवती_के :
नमस्कार. सीन अ‍ॅनालिसिसची असाइनमेंट उद्या सकाळी द्यायचीय. विषय : कॅमेरा आणि ध्वनी यांतून उत्कंठा कशी उभी राहते. सीन ठरलाय, शॉट्सची यादी काढून झालीय. पण सरांनी मसुदा परत पाठवला आणि वर शेरा मारला, 'हे वर्णन झालं, विश्लेषण कुठाय?' म्हणजे नक्की काय लिहायचं? त्यात या सीनला पार्श्वसंगीतच नाही. मग ध्वनीवर काय डोंबल लिहू? कृपया 'आधी अमुक पुस्तक वाच' असं सांगू नका, वेळ नाही.

खिडकीपाशी :
सिनेमा कुठला, सीन कुठला, ते तर सांग.

कट_टू :
सिनेमा बदलता येत असेल तर 'अंधाधुन' (२०१८) घे. तो फ्लॅटमधला सीन. नायक पियानो वाजवतोय आणि त्याच्या समोरून मृतदेह हलवला जातोय. संवाद जवळजवळ नाहीतच. जे संगीत ऐकू येतं ते पात्रच वाजवतंय, त्यामुळे हात थांबले की सगळंच उघडं पडणार. शिवाय पुण्यात घडतं, सरांनाही जवळचं वाटेल.

रेवती_के :
बदलता येणार नाही, यादी देऊन झालीय. हिचकॉकचा 'द बर्ड्स', पक्षी माणसांवर हल्ले करतात तो. त्यातला शाळेबाहेरचा सीन. वर्गात सगळ्यांनी पाहिलाय म्हणून लिहिलं नव्हतं.

टेप_रेकॉर्डर :
आम्ही तुझ्या वर्गात नाही गं. असो, सीन उत्तम निवडलायस.
पार्श्वसंगीत नाही म्हणजे ध्वनी नाही, हे आधी डोक्यातून काढ. या अख्ख्या सिनेमालाच (१९६३) नेहमीसारखं संगीत नाही. पक्ष्यांचे बरेच आवाज ओस्कार साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले आणि ध्वनी सल्लागार होता बर्नार्ड हरमन. इतका मोठा संगीतकार हाताशी असताना संगीत ठेवलं नाही, म्हणजे तो निर्णय आहे. तुझं विश्लेषण तिथूनच सुरू होतं.
आता सीन. नायिका मेलनी वर्गात डोकावते, मुलांचं गाणं चाललंय, बाई खुणेनं थांब म्हणतात. म्हणून ती बाहेर बाकावर येऊन सिगरेट ओढत बसते. म्हणजे गाणं संपलं की मुलं बाहेर येणार, हे आपल्याला कळलेलं आहे. आणि गाणं कसलं, तर कडव्यामागून कडवं, निरर्थक शब्दांचं, संपता संपत नाही. मागे कावळे जमायला लागले की तेच गाणं घड्याळ होतं. चालू आहे तोवर मुलं आत आहेत. ते लवकर संपावं असंही वाटत नाही आणि चालू राहिलं तरी जीव टांगणीला. वाद्यवृंद वाजला असता तर 'आता घाबरा' असं सांगून टाकलं असतं. हे गाणं काहीच सांगत नाही.

सदा_ऑनलाइन :
लॅपटॉपच्या स्पीकरवर बघू नकोस. वायरवाले हेडफोन घे, ब्लूटूथवर कधी कधी आवाज मागे पडतो. आणि फाइल पेनड्राइव्हवरही ठेव, माझ्या भाचीची ऐन सबमिशनच्या दिवशी उडाली होती.

खिडकीपाशी :
टेप_रेकॉर्डर, छान लिहिलंत. रेवती, यात हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण जोड, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं. बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का. तोच प्रेक्षकाला आधी दिसला तर सगळा वेळ ताण. इथे कावळे आपल्याला दिसतात, पाठमोऱ्या मेलनीला नाही. झालं विश्लेषण.

टेप_रेकॉर्डर :
नाही, इथे ते अर्धंच लागू पडतं. सुरुवातीला कट मेलनीवरून तिच्या मागच्या जंगल जिमवर (मुलांनी चढायचा-लोंबकळायचा सांगाडा) जातात, दर वेळी कावळे वाढलेले. तिथवर तुमचं बरोबर. पण मग कॅमेरा मेलनीवर येतो आणि थांबतो. मागे कट करतच नाही. त्या लांबलेल्या शॉटमध्ये आता किती जमले असतील हे आपल्यालाही माहीत नसतं. नंतर तिला आकाशात एक कावळा दिसतो, ती त्याच्यामागे नजर फिरवते, आणि तो जिथे उतरतो तो सगळा सांगाडा काळा झालेला. म्हणजे आधी ताण, वर धक्काही. दोन्ही एकाच सीनमध्ये.

खिडकीपाशी :
धक्का कसला? आपल्याला अंदाज असतोच की.

टेप_रेकॉर्डर :
अंदाज 'वाढलेत' एवढाच असतो. 'इतके' हा नसतो.

आजोळ :
विषयांतराबद्दल क्षमस्व. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा म्हणून लोक तासन् तास वाट बघतात. आमच्याकडे आजीच्या वेळी आला नाही, शेवटी दर्भाचा करावा लागला. त्यामुळे हा सीन पाहताना मला वेगळीच भीती वाटली होती. हे लिहिता येईल का?

कट_टू :
असाइनमेंटमध्ये नको, सर म्हणतील कॅमेरा कुठाय. आणि हिचकॉकच्याच 'सायको'चा उल्लेख कर. तिथे शॉवरच्या सीनला हिचकॉकला संगीत नको होतं, हरमनने तरी तंतुवाद्यं लिहिली आणि ती राहिली. तीन वर्षांनी हाच हरमन आणि संगीतच नाही!

रेवती_के :
सगळं वाचलं, पण माझा प्रश्न तसाच आहे. यादी आहे माझ्याकडे. 'शॉट अमुक, मध्यम, मेलनी सिगरेट ओढते.' याचं विश्लेषण कसं करू?

टेप_रेकॉर्डर :
प्रत्येक शॉटपुढे दोन गोष्टी लिही : या क्षणी आपल्याला काय माहीत आहे, मेलनीला काय माहीत आहे. मग ऐकू काय येतंय. तुझा तो सिगरेटचा शॉट असा होईल : 'मेलनी कंटाळलेली आहे, कारण तिला काहीच माहीत नाही. कावळे जमताहेत हे आपल्याला माहीत आहे. गाणं चालूच आहे, त्यामुळे तिला उठायचं कारण नाही.' हे विश्लेषण. एकदा म्यूट करून बघ, एकदा डोळे मिटून ऐक. दुसऱ्या खेपेला नुसती शाळेतली मुलं गाताना ऐकू येतील, सगळी भीती चित्रात आहे हे तेव्हा कळेल.

रेवती_के :
हे जमेल. मुलं पळतात तो भागही घेऊ का? यादीत तिथपर्यंतचे शॉट्स आहेत.

टेप_रेकॉर्डर :
पळण्याच्या आधीचा शॉट घेच. मुलं बाहेर पडताहेत, पण कॅमेरा त्यांच्याकडे जात नाही, वाट बघणाऱ्या कावळ्यांवरच राहतो. आधी धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो, मग कावळे उठतात. ध्वनीवर काय लिहू विचारत होतीस ना, अर्धं पान इथेच निघेल. पाठलागाचा भाग मात्र सोड, तिथे उत्कंठा संपून हल्ला सुरू झालेला असतो.

खिडकीपाशी :
सोडू नये असं माझं मत. आणि शब्दमर्यादा किती आहे, ते अजून सांगितलं नाहीस.