भूतानचे रात्रीचे १२०० रुपये मला खटकले नाहीत

कोकमसरबत
नोव्हेंबरात नऊ दिवस भूतानला जाऊन आलो. माणशी दर रात्री १२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ भरलं. ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं, एवढ्यात अख्खं हिमाचल झालं असतं म्हणे. बाकीच्या बहुतेक देशांतल्या पर्यटकांकडून ते रात्रीला १०० डॉलर घेतात, हे सांगून पाहिलं, उपयोग नाही.

मला पैसे वसूल झाले ते फोबजिखाच्या खोऱ्यात. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच इथे हिवाळा काढायला येतात. ते तारांवर आपटू नयेत म्हणून खोऱ्यातली वीज जमिनीखालून नेली आहे. संध्याकाळी शे-दीडशे पक्षी ओरडत दलदलीत उतरले, आणि एवढ्या मोठ्या आभाळात एक खांब मध्ये आला नाही.

किमान ६० टक्के भूभागावर कायम जंगल राहील, असं त्यांच्या २००८ च्या संविधानातच आहे. प्रत्यक्षात ७० टक्क्यांच्या आसपास आहे. गंगखार पुनसुम (७५७० मीटर) हे कुणीही न चढलेलं शिखर त्यांच्याकडे आहे आणि तिथे चढाईलाच बंदी, कारण लोक त्याला देवाचं ठिकाण मानतात. आपण देवाच्या डोंगरावर रोपवे बांधतो. बौद्ध धर्म मुरलेला समाज असा वागतो, हे माझं मत. या, भांडा.

उंबरठा
भांडायलाच आलोय. पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ अडीचपट जागा, आणि माणसं पिंपरी-चिंचवडच्या २०११ च्या आकड्याच्या निम्मीही नाहीत. एवढ्या ऐसपैस घरात कुणीही नीटनेटकं राहील. धर्माला कशाला श्रेय देताय?

शिवाय त्यांचा खर्च चालतो नदीवर. चुखा ३३६ मेगावॉट, ताला १०२० मेगावॉट, दोन्ही जलविद्युत प्रकल्प भारताच्या पैशाने बांधले, जादा वीजही आपणच घेतो. लाकूड विकायची वेळ येत नाही ती त्यामुळे. आणि पुनातसांगछू-१ चं काय? १२०० मेगावॉटचा प्रकल्प, २०१३ मध्ये धरणाच्या जागीच डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. तो डोंगर देवाचा नव्हता वाटतं.

कोकमसरबत
@उंबरठा, डोंगराचं बिनशर्त मान्य. पण लोकसंख्येचं नाही. माणसं कमी असूनही जंगल उजाड केलेले प्रदेश आहेतच की. नियम करायला इच्छा लागते.

सोनकी
इच्छा होती, आणि ती फक्त झाडांपुरती नव्हती. धाग्यात ल्होत्शाम्पा हा शब्दच नाही, म्हणून लिहितेय. दक्षिण भूतानातले नेपाळी भाषक, बहुतेक हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. १९८५ चा नागरिकत्व कायदा, मग १९८८ ची जनगणना. १९५८ च्या आधीपासून इथे राहतो याचा कागद दाखवा, नाहीतर तुम्ही परके. १९८९ मध्ये सगळ्यांना घो आणि किरा हे भूतानी पोशाख सक्तीचे झाले, शाळेतून नेपाळी गेली. लाखभर माणसं नेपाळात झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पोचली. २००७ नंतर बहुतेकांना अमेरिका वगैरे देशांनी घेतलं. ‘राष्ट्रीय सुखा’चं माप जगाला शिकवणाऱ्या राजाच्याच कारकिर्दीत हे झालं.

कोकमसरबत
सोनकीताई, हे भयंकर आहे, पण विषय पर्यावरणाचा आहे हो.

सोनकी
विषय तोच आहे. तुम्हीच ‘समाज असा वागतो’ म्हणालात ना? क्रौंचासाठी तारा गाडणारा आणि शेजाऱ्याचं घर रिकामं करणारा समाज एकच आहे. दोन्हीकडे म्हणणं हेच, की आमचं आहे तसं राहू दे.

तिठा
जरा दुसरी बाजू. १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं, तिथे नेपाळी भाषक बहुसंख्य होते. एकीकडे चीन, एकीकडे आपण, मध्ये हा चिमूटभर देश. भीती खोटी नव्हती.

सोनकी
भीती खरी असेल. कागद मात्र शेतकऱ्याकडे मागितला.

बांधावरून
शेतकऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी सिंधुदुर्गातला. वानर आणि गवे यांच्यापायी आमच्या वाडीत तीन घरांनी नाचणी सोडली. ७० टक्के जंगल वाचून मला आधी रानडुक्कर आठवलं. भूतानातही तीच बोंब आहे. रानडुकरं, माकडं पीक खातात, पोरं राजधानीला, थिंफूला जातात, गावात कुलूपबंद घरं उरतात. त्याला तिथे ‘गुंगतोंग’ म्हणतात. तुमचे १२०० रुपये सरकारी तिजोरीत जातात. डुकराने उकरलेल्या बांधाशी त्यातलं किती येतं ते विचारलंत का कुणाला?

उंबरठा
+१. हा खरा प्रतिसाद.

कोकमसरबत
@बांधावरून, विचारलं नाही, पण दिसलं. आधीच लिहायला हवं होतं. फोबजिखात ज्या घरी उतरलो, त्यांची बटाट्याची शेती. बटाटे निघून गेले होते, पण शेताच्या कडेला मचाण तसंच होतं. मचाणावर तेलाचा रिकामा डबा, त्याला दोरी, आणि दोरी थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणलेली. हंगामात घरच्या मावशी रात्रभर बुखारीपाशी (लाकडाच्या शेगडीपाशी) बसून मधूनमधून ती ओढतात. पूर्वी मचाणावर मुलगा झोपायचा. तो आता ऑस्ट्रेलियात, पर्थला. मी गंमत म्हणून दोरी ओढली, तर मावशी आतून धावत आल्या.

बांधावरून
आमच्याकडे डब्याला पंधरा दिवसांत डुकरं सरावली. त्यांना सांगा, डबा बदलत राहा.