मदत हवी आहे : पी पफर अंडी देतात, पण पिल्लं जगत नाहीत (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

दोन फुटी टँकमध्ये पी पफर हे इवलेसे मासे पाळलेत, एक नर आणि तीन माद्या. हा मासा केरळच्या पंबा नदीकडचा, पक्का गोड्या पाण्यातला, त्यामुळे मीठ घालायचा सल्ला कृपया नको. दुकानात तो ऐकून कंटाळलोय. नराच्या पोटाखाली काळपट रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या आहेत, म्हणजे ओळखण्यात गोंधळ नाही.

गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत काही हालचाल नव्हती. ऊन चढलं तशी सुरुवात झाली. नर मादीच्या मागे लागून तिला जावा मॉसमध्ये (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप) नेतो, दोघं बिलगून जरा थरथरतात आणि चार-दोन अंडी पडतात. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, पारदर्शक. टॉर्च तिरका धरला तरच दिसतात. बाकीच्या माद्या तिथंच टपलेल्या असतात, म्हणून मॉसचा झुबकाच उचलून प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो. साधारण पाच दिवसांत पिल्लं निघतात, पोटाखालची पिवळी पिशवी संपेपर्यंत तळाशी पडून राहतात आणि पोहायला लागली की एकेक करून मरतात.

खायला आर्टेमियाची (कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं देतोय. पाणी महापालिकेचं, नळाला रोज येत नाही म्हणून हौदात साठवलेलं. बोअरचं फार जड आहे, ते वापरत नाही. दुपारी डब्यातलं पाणी चांगलंच तापतं. नेमकं काय चुकतंय? उपासमार की उष्णता?

प्रतिसाद १
आधी पिल्लांची पोटं बघा. आर्टेमिया खाल्ला असेल तर पोट नारंगी दिसतं. रिकामं असेल तर घास मोठा पडतोय. पहिला आठवडा इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा व्हिनेगर ईल (केसासारखे बारीक किडे) द्या, आर्टेमिया त्यानंतर. जुना जावा मॉस टँकच्याच पाण्यात पिळून ते गढूळ पाणी थेंबथेंब सोडलं तरी चालतं, त्यात बारीक जीव भरपूर असतात.

प्रतिसाद २
डबा वेगळा ठेवू नका हो! मोठ्या टँकमध्ये तरंगता अडकवा. एवढंसं पाणी सोलापूरच्या उन्हात भराभर तापतं आणि रात्री तितकंच उतरतं, पिल्लांना ते झेपत नाही. पाणी बदलताना हौदातलं थेट नको, टँकमधलंच पेलाभर घाला. टँकवर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन डिग्री उतरेल, पण वाफ होऊन क्षार मागे राहतात, म्हणून भर आरओच्या पाण्याची घाला. आणि पिल्लं वाढायला लागली की लहान-मोठी वेगळी करा. ही जात भावंडांनाही चावते, शेपट्या कुरतडते.

धागाकर्ता
भिंगातून बघितलं. पोटं सपाट, नारंगी एकही नाही. डबा टँकमध्ये अडकवलाय, मॉसचं पाणीही सुरू केलंय. व्हिनेगर ईलचं कल्चर मात्र इथल्या दुकानांत मिळेना, "असलं काय नसतं बघा" एवढंच उत्तर. सोलापुरात कुणाकडे असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, जुळे सोलापूर असो की अक्कलकोट रोड, बाटली घेऊन मीच येतो. बदल्यात टँकमधल्या गोगलगायी देईन, त्या मात्र न सांगता वाढतात.