पावडर महागली, प्राइमर मिळेना: आता मॅग्नमचे लाड परवडतात का?

नळीवाला (धागाकर्ता)

आधीच सांगतो, ही चर्चा रीतसर परवाना असलेल्या आणि स्वतः काडतुसं भरणाऱ्यांपुरती आहे. शिकार योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन.

२०२० च्या टंचाईत प्राइमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी) दिसेनासे झाले होते. ते जरा सावरतंय तोवर २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढवली. आपल्या डब्यातली पावडर काय किंवा तोफेची काय, मूळ एकच, नायट्रोसेल्युलोज. सैन्याची ऑर्डर असताना शिकाऱ्याचा डबा रांगेत शेवटी जातो. भरीस भर म्हणून २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध आणले. शिसं कडक करायला ते लागतं आणि प्राइमरच्या मिश्रणातही असतं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. मध्यम आकाराच्या जनावरासाठी .३०८ विंचेस्टर किंवा त्याच पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीवर, बेतलेली काडतुसं (.२४३, ७ एमएम-०८; पहिला आकडा साधारण गोळीचा व्यास, इंचात किंवा मिलिमीटरात) सोडून मोठं काही बाळगणं आता निव्वळ हौस आहे. एक पौंड पावडर म्हणजे ७००० ग्रेन. १८० ग्रेनच्या गोळीमागे .३०८ ला साधारण ४४ ग्रेन लागते, म्हणजे डब्यात १५९ काडतुसं. .३०-०६ ला ५५ धरा, १२७ होतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमला (मॅग्नम म्हणजे जास्त पावडर मावणारं, जोरकस काडतूस) ७२ च्या आसपास, की आकडा ९७ वर येतो. (ही मापं फक्त हिशेबापुरती. भरताना आपल्या पावडरचं पुस्तक उघडा.)

आणि मिळतं काय? फॅक्टरीचे आकडे घ्या. त्याच वजनाची गोळी .३०८ मधून सेकंदाला २६२० फुटांनी सुटते, .३०-०६ मधून २७०० आणि .३०० मॅग्नममधून २९६०. जवळजवळ दोन तृतीयांश पावडर जास्त जाळून वेग वाढतो तेरा टक्के. बॅरल लवकर झिजतं आणि खांदा शेकून निघतो तो वेगळाच.

लांबपल्ला

हिशेब चोख आहे, पण प्रश्नच चुकीचा घेतलात.

शिकारीच्या अख्ख्या हंगामात सावजावर गोळ्या सुटतात किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या गोळ्यांमागे २८ ग्रेन पावडर जास्त गेली म्हणून कुणाचं दिवाळं निघालेलं नाही. उलट भरलेल्या काडतुसात सगळ्यात महाग वस्तू बहुतेक वेळा गोळीच असते, विशेषतः अखंड तांब्याची किंवा आतून पडदा असलेली. ती .३०८ मध्ये बसवा नाहीतर .३०० मध्ये, किंमत तीच.

आणि तुमचा सल्ला ऐकून कुणी मॅग्नम विकून .३०८ घेतली तर? नवी रायफल, दुर्बिणीचे नवे माउंट, नवा डाय-सेट (वापरलेल्या पुंगळीला पुन्हा आकार देणारे साचे), नव्या पुंगळ्या. पावडरीत वाचलेल्या पैशातून हे वसूल व्हायला किती हंगाम लागतील ते तुम्हीच काढा, तुम्हाला गणित आवडतं.

उघड्या डोंगरउतारावर, जिथे तीनशे मीटरच्या आत जाताच येत नाही, तिथे त्या जास्तीच्या ३४० फुटांना अर्थ आहे. गोळी कमी खाली पडते, वाऱ्याने कमी सरकते. तुमच्या तेरा टक्क्यांचं ऊर्जेत रूपांतर करा, पाव पटीहून जास्त फरक निघेल. ते सोयीस्कर गाळलंत.

नळीवाला

ऊर्जेचं मान्य, गाळायला नको होतं. पण लांबपल्लाराव, तीनशे मीटरवर नेम धरणाऱ्या माणसाने चांदमारी किती करायची? हंगामात चार गोळ्या आणि सराव शून्य, असा शिकारी तीनशेवर मॅग्नम काय किंवा तोफ काय, मारणार कुठे? काडतुसं संपतात ती सरावात, सावजावर नाही. सरावात पन्नास वेळा घोडा ओढला की पावडरचा फरक दिसतो. ७२ ग्रेनचा धक्का पन्नास वेळा खाल्ल्यावर माणूस नकळत घोडा झटक्याने ओढायला लागतो, हे मी रेंजवर शेजारच्या बाकांवर नेहमी बघतो.

पितळ_पारखी

यात पुंगळीचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. पावडर आणि प्राइमर एकदा जळले की गेले. पुंगळी परत येते. खरी बचत तिथेच आहे.

.३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ चं पट्टेवालं काडतूस, म्हणजे बुडाभोवती जाड कडं असलेलं, आणि रायफलीत ते टेकतं त्या कड्यावरच. डाय पुस्तकाबरहुकूम शेवटपर्यंत खाली दाबला तर पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी मागे ढकलला जातो, आणि फायर झाल्यावर पितळ पुन्हा पुढे ताणलं जातं. ताणलं जातं ते नेमकं पट्ट्याच्या जरा वर. काही फेऱ्यांतच तिथली भिंत पातळ होते. पेपरक्लिप सरळ करा, टोकाला बारीक आकडी वाकवा, पुंगळीच्या तोंडातून आत घाला आणि भिंतीला टेकवून वर ओढा. तळाजवळ आकडी खळग्यात अडकल्यासारखी वाटली की ती पुंगळी भंगारात. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसायला लागलं असेल तर पेपरक्लिपचीही गरज नाही.

.३०८ चंही पितळ ताणतं, नाही असं नाही, पण तिथे हेडस्पेस, म्हणजे रायफलीत काडतुसाला मागेपुढे मिळणारी जागा, खांद्यावरच धरला जातो, त्यामुळे सांभाळायला सोपं. शिवाय पुंगळ्यांची चणचण असेल तर .३०८ ची मान आवळून ७ एमएम-०८ किंवा .२४३ करता येते. .२४३ करताना मानेची जाडी मात्र मोजा, जाड मान चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) घट्ट बसली तर दाब भलताच चढतो. .३०-०६ च्या पुंगळीपासून .२५-०६ सरळ होते. .२७० पण होते, फक्त जरा आखूड राहते.

लांबपल्ला

पट्ट्याचं दुखणं डाय चुकीचा लावणाऱ्यांचं आहे. मॅग्नमलाही हेडस्पेस खांद्यावर धरा, खांदा केसभर मागे जाईल एवढाच डाय खाली घ्या, पुंगळ्या छान टिकतात.

पितळ_पारखी

तेच तर म्हणतोय. पण नवखा माणूस ते करतो का?

तयारमाल

तुम्हा सगळ्यांची माफी मागून एक पाखंडी विचार. भरताच कशाला?

.२२३, .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर ही काडतुसं कारखाने प्रचंड संख्येने काढतात. साधी शिशाची मऊ टोकाची गोळी असलेलं फॅक्टरी काडतूस आणि घरी भरलेलं तसंच काडतूस यांच्या खर्चातलं अंतर आता पूर्वीइतकं उरलेलं नाही. प्रेस, तराजू, डाय, पुंगळ्या कापण्याचा वेळ, हे सगळं हिशेबात धरा. फॅक्टरीच्या रिकाम्या पुंगळ्या मात्र जपून ठेवा, पुढेमागे दिवस बदलले तर कामाला येतील.

काटकसर करायची असेल तर कोणतं काडतूस सगळीकडे आणि कायम तयार मिळतं, एवढंच बघा. बाकी आकडेमोड ही रीलोडिंगवाल्यांची करमणूक आहे. (रागावू नका, मीही एकेकाळी केली आहे.)

सत्तावन्न

तयारमाल, तुमच्या यादीतल्या रायफली असणाऱ्यांना हे सांगणं सोपं आहे. माझ्याकडे आजोबांची ७x५७ माउझर आहे. काडतूस १८९२ चं. तयार माल मिळाला तर मिळाला, मिळाला तरी निवडीला वाव नाही. .२५७ रॉबर्ट्सवाल्यांचीही हीच रड. आमच्यासाठी रीलोडिंग ही बचत नाही, रायफल जिवंत ठेवण्याचा तोच एक मार्ग आहे. तरी पावडर .३०८ एवढीच खाते, धक्का मऊ, आणि मध्यम अंतरावर हरणाला आजही काही कमी पडत नाही. जुनं काडतूस म्हणजे खर्चिक काडतूस, हे मात्र कुणी गृहीत धरू नये.

हलकाफुलका

सगळे .३० च्या आसपासच का घुटमळताय? .२२३ रेमिंग्टन घ्या की. २५ ग्रेन पावडर, पौंडात २८० काडतुसं. प्राइमर छोटा, गोळी छोटी, धक्का नावापुरता, फॅक्टरी मालही मुबलक. आताच्या ७०-७७ ग्रेनच्या गोळ्या १:८ ट्विस्टच्या (गोळीला आठ इंचांत एक फेरा देणाऱ्या) बॅरलमधून हरणाला आरामात पुरतात. सराव भरपूर झाला की गोळी जागेवर बसते, आणि जागेवर बसलेली छोटी गोळी ढळलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी.

पायमाग

हलकाफुलका, तुमचं शेवटचं वाक्य सगळेच म्हणतात, आणि म्हणणारा प्रत्येक जण आपली गोळी जागेवरच बसणार असं धरून चालतो.

मी जखमी जनावराचा माग काढणारा माणूस आहे. छोटी गोळी पुढच्या खांद्याच्या हाडावर बसून फुटली की आत पोचतच नाही. बाहेर पडणारं छिद्र नाही, म्हणून रक्ताचा माग नाही. गवताच्या पात्यावर बुडख्यापासून वीतभर वर एखादा थेंब, मग पन्नास पावलं काहीच नाही, मग खुराने उकरलेली माती. अंधार पडेपर्यंत हेच. काडतुसामागे वाचवलेले १९ ग्रेन तेव्हा आठवतात.

शिवाय कायदा बघा. जर्मनीत रो या लहान हरणासाठी शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल लागतात, म्हणजे .२२३ चालते. पण त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी गोळी किमान ६.५ मिलिमीटरची आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल. तिथे .२२३ बादच. इतर ठिकाणचे नियम वेगळे आहेत, पण नियम आहेत. काटकसर त्या रेषेच्या वरच सुरू होते. ती छोटी रायफल सरावाला वापरा, माझी ना नाही. आणि १:१२ ट्विस्टची जुनी बॅरल असेल तर त्या लांब जड गोळ्या सरळ उडणारही नाहीत, कागदावर आडव्या छापल्या जातील.

हलकाफुलका

रो हरणापुरतं चालतं हे तुम्हीच लिहिलंत. मी कुठे रानडुकरावर .२२३ घेऊन जा म्हटलं?

ओतीव

लेकरांनो, गोळी महाग झाली म्हणून रडताय, मग ओता ना. साचा, भट्टी, टाकाऊ शिसं, थोडं कथील, मागे तांब्याची गॅस चेक (गोळीच्या बुडाला बसणारी छोटी वाटी). .३०-३० हे १८९५ चं काडतूस याच कामासाठी जन्मल्यासारखं आहे. नळकांडी मॅगझिन असेल तर गोळीचं टोक चपटं ठेवा, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकते आणि धक्क्याने ते काडतूस मॅगझिनमध्येच उडू शकतं. .३०८ आणि .३०-०६ मध्येही ओतीव गोळी छान चालते. झटपट जळणारी पावडर, आठ-दहा ग्रेन, झाला सरावाचा माल. पौंडात सातशे. तुमची .२२३ राहिली बाजूला.

मात्र शिसं वितळवताना जागा हवेशीर, हातमोजे, चष्मा, आणि भट्टीत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. दुसरं त्याहून महत्त्वाचं: दहा ग्रेन .३०-०६ च्या पुंगळीत तळाला कुठेतरी पडून राहतात, दोनदा भरली गेली तरी बाहेरून कळत नाही. गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

नवा_गडी

हे वाचून एक कल्पना सुचली. माझी ७ एमएम मॅग्नम आहे. तिच्यात मी एरवी जी मंद पावडर घालतो तीच निम्मी घातली तर? सरावही होईल, डबाही दुप्पट पुरेल.

पितळ_पारखी

नको! थांबा!

मंद पावडर मोठ्या पुंगळीत खूप कमी घातली की ती नीट पेटत नाही, कधी गोळी बॅरलमध्येच अडकते, तर कधी दाब एकदम भडकतो आणि रायफल फुटते. कमी भरायचं तर त्यासाठी चालणारी पावडरच हवी. हॉजडनची एच ४८९५ आहे, तिच्यासाठी कंपनीच सांगते की पुस्तकातल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. ती मॅग्नममध्येही चालते, तुमच्या गोळीचं कमाल माप पुस्तकात दिलेलं असलं तर. हा नियम बाकी पावडरींना लावायचा नाही.

लांबपल्ला

धन्यवाद पारखी, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. मॅग्नम विकायची गरजच नाही. एच ४८९५ घालून तिला सरावापुरती .३०८ च्या पातळीवर आणा, हंगामाच्या आधी पूर्ण माप भरून झीरो (नेम धरला तिथेच गोळी बसते का ते) तपासा, झालं. तोच घोडा, तोच बोल्ट, तोच दस्ता. नळीवाल्यांना हवा तो सरावही झाला आणि खांदाही वाचला. .३०८ ला वर ढकलून मॅग्नम करता येत नाही, मॅग्नमला खाली आणता येतं.

नळीवाला

झीरो बदलतो, विसरू नका. कमी मापाची गोळी शंभरावरच वेगळीकडे बसते, काही रायफलींत खाली, काहींत बाजूलाही. दोन झीरो लिहून ठेवायचे आणि जंगलात चुकीचं काडतूस खिशात नाही ना हे बघायचं. वर तुमच्या मॅग्नमला एरवी लागणारे मॅग्नम प्राइमर टंचाईत आधी गायब होतात.

तांब्याच्या गोळीचा मुद्दाही माझ्याच बाजूचा आहे. ती वजन टिकवते, म्हणून १८० ऐवजी १५० ची चालते, आणि हलकी गोळी .३०८ मधूनही वेगाने सुटते. म्हणजे तुमची महाग गोळी वापरायची तर मॅग्नमची गरज आणखी कमी.

रायफल आधीच असेल तर विकू नका, एवढं मागे घेतो. पण पहिली घेणाऱ्याला मी .३०८ च सांगणार.

सत्तावन्न

किंवा ७x५७.

तयारमाल

किंवा दुकानात जे असेल ते.

लांबपल्ला

पहिली घेणाऱ्याला काय सांगायचं ते सांगा. फक्त हा धागा वाचून कुणी घाबरून .३०० विंचेस्टर मॅग्नम डाय आणि पुंगळ्यांसकट विकायला काढली, तर आधी मला निरोप द्या. दुसरी हवीच होती.